घरचा छंद : नवे पाणी मानवावे म्हणून

गतांकी आम्ही गोड्या पाण्यातील मासे घरी कसे पाळावेत याविषयी लिहिले होते. त्यावर वाचक भगिनी-बंधूंची जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच पृच्छा आहे : समुद्रातील रंगीत मासे, तारामासे आणि प्रवाळ घरच्या काचपेटीत ठेवता येतील काय? एका भगिनींनी मात्र थोडे वेगळे विचारले आहे. त्या लिहितात, की काचेची टाकी आणली, विकतचे समुद्री मीठ आणले, मुलांच्या हौसेखातर चार मासेही आणले. परंतु तिसऱ्या दिवशी टाकीत पाणी तेवढे उरले. "आमच्या हातून काय चुकले, ते कृपया कळवावे," असे त्यांचे मागणे आहे.

आजचे लेखन मुख्यतः या भगिनींसाठी आहे. कारण त्यांनी विचारलेला प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्याही घरात विचारला गेला होता, आणि तो विचारणारा होता आमचा बारा वर्षांचा नातू.

झाले होते असे. नातवाच्या वाढदिवसाला काय द्यावे, याचा घरात खल चालला होता. पाल भागात आपल्या महानगरपालिकेने २०१४ मध्ये सुरू केलेले जगदीशचंद्र बोस मत्स्यालय आहे. तेथे नेल्यापासून मुलाच्या डोक्यात समुद्रातल्या माशांखेरीज दुसरा विषय नव्हता. शेवटी एक मोठी काचपेटी घेतली, आणि मासे आणण्यासाठी आम्ही दोघे आजोबा-नातू मुंबईस गेलो. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले तीन क्लाउन मासे आणि एक तारामासा, एवढा ऐवज प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांत भरून संध्याकाळच्या फ्लाइंग राणीने परतलो. घरी पोहोचेतो रात्र बरीच झाली होती. सौभाग्यवतींनी जेवणासाठी पाने मांडून ठेवली होती. मुलाचे डोळे झोपेने मिटत होते, तरी त्याला मासे पाण्यात पाहायचे होते. आम्हीही दमलो होतो. पिशव्या पाचेक मिनिटे टाकीत तरंगत ठेवल्या, गाठी सोडल्या, आणि मासे सोडून दिले.

सकाळी दोन मासे तळाशी आडवे पडले होते. तिसरा कोपऱ्यात धापा टाकीत होता. तो दुपारी गेला. तारामासा चार दिवस टिकला. मग त्याचे अंग जागोजागी विरघळू लागले. मुलाने त्या चार दिवसांत फारसे काही म्हटले नाही. पाचव्या दिवशी टाकी रिकामी करताना त्याने विचारले, "आजोबा, ते आजारी होते, की आपणच त्यांना मारले?"

उत्तर त्या घटकेला आमच्यापाशी नव्हते. सुदैवाने पिशव्यांतले पाणी मोरीतल्या बादलीत तसेच राहिले होते. त्यात आणि टाकीत हायड्रोमीटर बुडवून पाहिला. पिशवीतील पाण्याची घनता १.०१८ भरली, टाकीतील १.०२७. उन्हाळ्याचे दिवस, पंखा सतत चालू. टाकीतले पाणी आटत गेले होते; पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. आम्ही गोड्या पाण्याची भर घालण्यास विसरलो होतो. म्हणजे बिचारे मासे एका पाण्यातून काढून कितीतरी अधिक खाऱ्या पाण्यात पाच मिनिटांत टाकले गेले. मुलाला आम्ही खरे ते सांगितले. त्याने ते ऐकून घेतले. आणि टाकी माळ्यावर जाऊ न देता, "आता नीट शिकू," एवढेच म्हणाला. त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते येथे मांडीत आहोत.

आपल्याकडे जुनी माणसे म्हणत, "अमक्याला तिकडचे पाणी मानवले नाही." खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या आपल्या कित्येक घरांत हे वाक्य ऐकू येई. खरे पाहता भुसावळलाही तापीच आणि सुरतेलाही तापीच. तरी माणसाला नव्या ठिकाणी रुळायला महिने लागत. मग ज्या जिवाच्या अंगाला चोहो बाजूंनी पाणीच लगटून असते, ज्याचा श्वासही पाण्यातूनच चालतो, त्याला पाणी बदलणे किती जड जात असेल, याचा विचार आपण करीत नाही.

समुद्राच्या पाण्यात एका लिटरामागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातील क्षार याहून पुष्कळच कमी असतात. त्यामुळे समुद्रातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो, आणि त्याबरोबर पोटात आलेले जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाणी एकाएकी अधिक खारे झाले, की हा हिशेब कोलमडतो. चहूकडे पाणी असून मासा आतून सुकत जातो. उलट, किंचित कमी खाऱ्या पाण्यात जाणे त्याला तितके जड जात नाही. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुष्कळ विक्रेते मिठाची बचत व्हावी आणि परजीवी किडे दबून राहावेत म्हणून माशांचे पाणी मुद्दाम कमी खारे ठेवतात. मासा घरी आणायचा तो बहुधा कमी खाऱ्यातून अधिक खाऱ्यात, म्हणजे नेमक्या अवघड दिशेने.

तारामासे, समुद्री झिंगे, साळिंदरासारखे काटे असलेले समुद्री अर्चिन यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या अंगातील द्रव भोवतालच्या पाण्याइतकाच खारा असतो. माशासारखी आत-बाहेर निराळी व्यवस्था त्यांच्यापाशी नसते. पाणी बदलले की त्यांचे आतले सारेच बदलते. म्हणून मासा ज्या बदलातून तरून जाईल, त्यात तारामासा मरतो, आणि तोही लगेच न मरता चार दिवसांनी मरतो. त्यामुळे कारण कोणाच्या ध्यानी येत नाही. आमच्या घरी हेच झाले होते.

आता प्रत्यक्ष कृती. पहिली गोष्ट म्हणजे पाहुण्याआधी घर तयार हवे. डुमसच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोह कोणी धरू नये. तेथे तापीच्या मुखाचा गाळ असतो, भरती-ओहोटीप्रमाणे आणि पावसाळ्यात पाण्याचा खारेपणाही बदलत राहतो. स्वयंपाकघरातील मीठही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसून मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी अनेक क्षार असतात. मत्स्यपालनासाठी मिळणारे तयार समुद्री मीठ शुद्ध केलेल्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात विरघळवावे आणि पंपाने चोवीस तास घुसळू द्यावे. नंतर घनता १.०२५ च्या आसपास आणि उष्णतामान २५ ते २६ अंश सेल्सिअस आहे ना, हे पाहावे. सुरतेच्या वैशाखात टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा घातला तर ते दोन-तीन अंश उतरते. मात्र वाऱ्याने पाणी अधिक आटते. तेवढे गोडे पाणी रोज घालावे. आमची चूक येथेच होती.

एवढ्याने टाकी तयार झाली असे समजू नये. माशांच्या विष्ठेतून व उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये करणारे सूक्ष्म जंतू दगडांवर आणि वाळूत हळूहळू वाढतात. दूध विरजले की दही लागायला रात्र जाते. हे विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. तपासणीत अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आल्याशिवाय एकही जीव आणू नये. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी टाकी आणि मासे एकाच आठवड्यात आणले असतील, तर त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे आणतानाची काळजी. मासा पसंत करतानाच विक्रेत्याला त्याच्या पाण्याची घनता विचारावी. शक्य तर हायड्रोमीटर सोबत न्यावा. पिशव्या थर्मोकोलच्या डब्यात ठेवाव्या, म्हणजे प्रवासात ऊन-वारा लागत नाही आणि आत अंधार राहिल्याने जीवही शांत असतात.

घरी आल्यावर खोलीतले दिवे मंद करावे व टाकीचा दिवा मालवावा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी. उष्णतामान सारखे होते. मग मासा पिशवीतल्या पाण्यासह स्वच्छ बादलीत घ्यावा. हवेच्या पंपाला लावतात तसली बारीक नळी टाकीत सोडून तिचे दुसरे टोक बादलीत ठेवावे, आणि नळीला सैलसर गाठ मारून सेकंदाला दोन ते चार थेंब पडतील असे करावे. आपल्या खानदेशी शेतकरी बांधवांना ठिबक सिंचन ठाऊक आहे, आणि दवाखान्यातील सलाईन तर सर्वांनीच पाहिले आहे. तोच हा प्रकार. बादलीतील पाणी दुप्पट झाले, की निम्मे ओतून टाकावे आणि पुन्हा दुप्पट होऊ द्यावे. माशाला साधारण पाऊण ते एक तास पुरतो. झिंग्याला दीड-दोन तास द्यावे. तारामाशाला तीन-चार तास दिले तरी अधिक नव्हेत. शेवटी दोन्हीकडची घनता मोजून पाहावी. घड्याळापेक्षा हायड्रोमीटरवर विश्वास ठेवावा. जीव टाकीत सोडताना बादलीतले पाणी मात्र टाकीत जाऊ देऊ नये. त्यात घाण असते आणि रोगही असू शकतात. तारामाशाला शक्यतो पाण्याबाहेर काढू नये. लहानशा भांड्यात पाण्यासकट उचलून टाकीच्या पाण्याखाली अलगद उतरू द्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवर्जून द्यावयाची आहे, कारण चांगल्या हेतूनेही या ठिकाणी घात होतो. मासा पिशवीत बारा-पंधरा तास किंवा त्याहून अधिक काळ राहिला असेल, तर हे ठिबक हितकर न ठरता अपायकारक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून पाणी आम्लतेकडे झुकते. साचलेला अमोनिया अशा पाण्यात अमोनियम या सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो, आम्लता घटते, आणि तेच अमोनियम पुन्हा जहाल अमोनिया होते. अशा पाण्यात माशाला तासभर ठेवणे म्हणजे त्याला विषात बसवणे होय. दूरच्या प्रवासाहून आलेल्या माशासाठी विक्रेत्याच्याच घनतेचे पाणी निराळ्या टाकीत आधी तयार ठेवावे. बंद पिशवी तरंगवून उष्णतामान जुळले, की पिशवी उघडून माशाला लागलीच त्या पाण्यात घ्यावे. मग घनता रोज एक-दोन सहस्रांशांनी वाढवीत न्यावी. १.०१८ वरून १.०२५ वर येण्यास आठवडा लागला तरी लागू द्यावा. हीच चढण आम्ही पाच मिनिटांत चढवू पाहिली होती.

ही निराळी टाकी दुसऱ्याही कारणासाठी हवी. नव्या माशाबरोबर रोग येतात. त्यांतील नेहमीचा म्हणजे अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठवणारा परजीवी. तो काही दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून तळाशी कवचात दडतो, तेथे त्याची अनेक पिले होतात आणि ती पुन्हा मासे शोधीत फिरतात. ठिपके गेले म्हणून रोग गेला असे होत नाही. म्हणून नव्या माशाला चार ते सहा आठवडे वेगळे ठेवावे. १९९४ च्या प्लेगचे दिवस ज्यांनी सुरतेत काढले, आणि २०२० मधील टाळेबंदी तर आपण सर्वांनीच अनुभवली, त्यांना वेगळे राहण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आता प्रवाळाकडे वळू. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमचा नातू असाच एक फोटो घेऊन आला. आमच्या टाकीत आता क्लाउन माशांची एक जोडी सुखाने नांदते आहे. त्यांच्यामागे शोभावे म्हणून त्याला जिवंत प्रवाळ हवे होते. एक विक्रेता ते गुपचूप आणून देण्यास तयारही होता. "आजोबा, या वेळी आपण घाई करणार नाही. थेंब-थेंब करू," असे तो म्हणाला. मुलाने आपली शिकवण पाठ केली होती, आणि तरीही आम्हाला नाही म्हणावे लागले. का, ते सांगितले पाहिजे.

आपल्याकडे प्रवाळ म्हटले की अंगठीतील पोवळे आठवते, नाहीतर वैद्यांची प्रवाळपिष्टी. त्यामुळे पुष्कळांचा समज असा, की प्रवाळ हा एक प्रकारचा दगड आहे. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी आहे. अंगठीतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. ते ज्याचे, तो प्राणी निराळा. समुद्रात खडक रचणारे प्रवाळ हे लहान लहान जिवांची वसाहत असते. प्रत्येक जीव आपल्याभोवती चुन्याची वाटी बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचे रंगही बव्हंशी याच भाडेकरूंमुळे दिसतात. पाणी दोन-तीन अंशांनी तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, किंवा प्रकाश एकाएकी फार प्रखर झाला, की हे शैवाल अपायकारक द्रव्ये निर्माण करू लागते; प्रवाळ त्याला बाहेर घालवतो आणि स्वतः पांढराफटक पडतो. यालाच विरंजन म्हणतात. ते लांबले तर प्रवाळ उपाशी मरतो. २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या बेटांभोवती असे विरंजन फार मोठ्या प्रमाणावर झाले.

म्हणूनच मत्स्यालयांतून व प्रयोगशाळांतून प्रवाळ नव्या जागी ठेवताना पाण्याच्या जोडीला प्रकाशाचीही ओळख करून द्यावी लागते. प्रथम त्याला टाकीच्या तळाशी, मंद उजेडात ठेवतात. दिव्याचा काळ व तेज हळूहळू वाढवीत दोन ते चार आठवड्यांनी त्याला वरच्या जागी आणतात. मासा तासाभरात पाणी ओळखतो. प्रवाळाला उजेड ओळखायला महिना लागतो.

परंतु हे ज्ञान घरच्या टाकीत वापरण्यास आपल्याला मोकळीक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक रचणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ मध्ये घालण्यात आले. त्याच वर्षी समुद्रघोड्यांनाही तेच संरक्षण मिळाले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ, जिवंत असो वा वाळलेले, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाळांवरही आंतरराष्ट्रीय कराराची बंधने आहेत. तेव्हा गुपचूप मिळणाऱ्या मालाला हात लावू नये, हे उघडच आहे.

कायदा आहे म्हणून नाही, एवढेच सांगून मुलाचे समाधान झाले नसते. म्हणून त्याला एक जुनी हकीकत सांगितली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीत फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी त्याने या विषयावर पुस्तक लिहिले, आणि घरोघरी समुद्राची काचपेटी ठेवण्याचे वेड इंग्लंडभर पसरले. लोक बादल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यांवर लोटले. पुढे १९०७ मध्ये त्याचा मुलगा एडमंड याने वडिलांविषयीच्या पुस्तकात दुःखाने नमूद केले, की वडिलांनी ज्या खडकांतल्या डोहांचे कौतुक लिहिले, ते डोह त्या कौतुकापायीच ओसाड झाले. गॉसचे समुद्रावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु हजारो घरांनी एकेक तुकडा उचलला, तर किनाऱ्यावर काय उरावे?

आपल्या काळात हेच कौशल्य उलट दिशेने वापरले जात आहे, आणि तेही आपल्या शेजारी. कच्छच्या आखातात प्रवाळांच्या फांदीदार अ‍ॅक्रोपोरा जाती नामशेष झाल्या होत्या. सौराष्ट्राच्या टोकाला मिठापूर येथे २००८ मध्ये गुजरातचे वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी प्रवाळ वाचवण्याचे काम हाती घेतले. त्यात पुढे लक्षद्वीपहून अ‍ॅक्रोपोराचे जिवंत तुकडे आणून तेथील समुद्रात लावण्याचा प्रयोग झाला. मुंबईत सागरी किनारा मार्गाचे काम चालू असताना वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. वनखात्याची परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली, २०२० च्या नोव्हेंबरात त्या उचलून सुरक्षित जागी लावण्यात आल्या. एवढ्या मोठ्या मार्गाच्या कामात ओंजळभर जिवांसाठी कोणी थांबले, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

हे ऐकून मुलाने प्रवाळाचा हट्ट सोडला. पण एक अट घातली. "मग मला खरे प्रवाळ दाखवा," तो म्हणाला. म्हणून सुट्टीत त्याला घेऊन जामनगरला गेलो. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झाले. आपल्या देशातील ते पहिलेच. त्यातील वाडीनारजवळच्या नरारा येथे ओहोटीच्या वेळी वनखात्याची परवानगी काढून, वाटाड्यासोबत समुद्राच्या तळावरून पायी चालता येते. घोटाभर पाण्यात खडकांना चिकटलेले मधमाश्यांच्या पोळ्यासारखे प्रवाळ पाहून मुलगा उकिडवा बसला. सवयीने त्याचा हात पुढे झाला, आणि त्याने तो आपणच मागे घेतला. ओहोटीत उघडे पडून उन्हे सोसायची, पुन्हा भरतीच्या पाण्यात जगायचे, ही सवय त्या जिवांना किती काळात लागली असेल, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, "आपल्या मोजणीत बसणार नाही, इतक्या." वाटाड्याने पाणी चढू लागल्याची खूण केली, तेव्हा कुठे तो उठला.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. छंद सोडू नये. टाकी दीड महिना नुसत्या पाण्यावर चालू द्यावी, हायड्रोमीटर आणि अमोनियाची तपासणी जवळ ठेवावी, आणि पहिला मासा क्लाउनच आणावा; तोही समुद्रातून पकडलेला न घेता टाकीत जन्मलेला मागून घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे अशा माशांची पैदास यशस्वी केली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही असे काम चालते. टाकीत जन्मलेला मासा काचेला आणि तयार खाद्याला सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी समुद्रातला एक मासा कमी होत नाही. प्रवाळाच्या जागी साधे दगड रचावे. माशांना आडोसा मिळाला, की ते पुरते.

मुले घाई करतीलच. त्यांना नळीची गाठ धरायला बसवावे आणि थेंब मोजायला सांगावे. आमचा नातू दुसऱ्या वेळी तासभर असाच बसला होता. मासे टाकीत उतरले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि पाने वाढून गार झाली होती. घरात कोणी कुरकुर केली नाही.

पुढील अंकी पावसाळ्यात वीज गेली असता टाकीतील हवा कशी टिकवावी, याविषयी लिहू. वाचकांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले, अवश्य कळवावेत.